एक पाऊल उशिरा

रेगेन्सबर्ग, ६ सप्टेंबर २०२४

ती. पद्माकरमामा,
नमस्कार.

फोनवर तुम्ही "बरं आहे ना सगळं? घे, मामीशी बोल" यापलीकडे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. मला पत्र लिहायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता वाचायची शिक्षाही तुम्हीच भोगा.

बातमी अशी की आमच्या वरच्या मजल्यावर एक फुटबॉलपटू राहायला आलाय. आदेरितो क्विंताल, पोर्तुगीज, वय छत्तीस. शहरातल्या मोठ्या क्लबचा नाही. नदीपलीकडे एक छोटा क्लब आहे, चौथ्या दर्जाच्या लीगमधला, त्याचा. ओळख तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी झाली. इथे प्रत्येक घराला कपडे धुण्याचा वार ठरलेला असतो. शुक्रवार माझा. आणि हा पठ्ठ्या शुक्रवारी चिखलाने भरलेले मोजे घेऊन मशीनपुढे उभा! मी जर्मनमध्ये भांडायला सुरुवात केली. त्याची जर्मन माझ्याहून वाईट निघाली, त्यामुळे भांडण काही रंगलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः भाजलेले अंड्याच्या मलईचे छोटे गोड टार्ट आणून दिले. ओवीने एकटीने चार खाल्ले, तिच्या बाबाला, कपिलला, एकही मिळाला नाही.

तो बचावपटू आहे म्हणे. त्यावरून आठवलं, आईकडे तुमचा एक फोटो होता, पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीतला, पायाशी बॉल. तुम्हीही खेळायचात ना? मग त्याबद्दल कधी एक शब्दही कसा बोलला नाहीत?

तुमची,
ऊर्मिला


कोल्हापूर, २८ सप्टेंबर २०२४

चि. ऊर्मिलास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर तुझ्या मामीला आवडतं, म्हणून तिनेच मोठ्याने वाचलं. मीही आयतं ऐकून घेतलं.

हो, खेळायचो. पेठेच्या तालमीच्या संघात नऊ वर्षं स्टॉपर होतो, म्हणजे बचावाच्या मध्यभागी उभा राहणारा. आपल्याकडे कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात आणि एका पेठेचा माणूस दुसऱ्या पेठेच्या टपरीवर चहासुद्धा पीत नाही, हे तुला ठाऊक आहे. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तुझ्या पोर्तुगीजाची मॅच बघायला जा. पण मी सांगतो तशी बघ. बॉलकडे बघायचं नाही. नव्वद मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. लोक ओरडले तरी मान वळवायची नाही. गोल झाला तरी नाही. मग मला लिही, तो काय करतो ते. आणि कुठे कुठे खेळला, किती वर्षं, कुठला गुडघा गेलाय, सगळं विचार. बटाटा आणि पाव आपल्याला त्यांच्याच लोकांनी दिला, आता स्टॉपर कसा देतात ते बघू.

पुढच्या वेळी काळ्या पेनाने आणि जरा मोठं लिही. मामीला त्रास होतो.

पद्माकरमामा


रेगेन्सबर्ग, २० ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

काळं पेन, मोठं अक्षर. मामींना सांगा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

काल गेले होते. आठशे माणसं असतील. ओवीला घेऊन गोलामागच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि तुमची अट पाळली. पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली. सगळे डावीकडे बघतायत, ओरडतायत, आणि मी आपली उजवीकडे एका चालणाऱ्या माणसाकडे बघत उभी. कारण मामा, तो चालतोच! चार पावलं पुढे, दोन मागे. बोट दाखवतो, शेजारच्याच्या खांद्याला हात लावून त्याला जरा सरकवतो. आणि सारखी मान वळवून मागे बघतो. मी मोजलं, एका मिनिटात अकरा वेळा. ओवी कंटाळून म्हणाली, "आई, एर माख्ट या गार निख्ट्स!" म्हणजे, तो तर काहीच करत नाही.

मग हळूहळू दिसायला लागलं. समोरच्या संघात बावीस-तेवीस वर्षांचा एक उंच, वाऱ्यासारखा पळणारा मुलगा होता. उत्तरार्धात तो एकदा मोकळा सुटतोय असं वाटलं. बॉल त्याच्याकडे निघालासुद्धा असेल, मला माहीत नाही, मी बघितलं नाही. मी एवढंच बघितलं की तो पोरगा पळायला निघाला आणि जिथे त्याला पोचायचं होतं तिथे आदेरितो आधीच उभा होता. धावत आला नव्हता. उभा होता. पोराने त्याला पाहिलं, वेग सोडला आणि परत फिरला. बॉलला शिवणं नाही, धक्का नाही, काही नाही. आठशे माणसांत एकानेही टाळी वाजवली नाही. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

मी कारखान्यात ब्रेक तपासते. गाडी थांबली आणि काही झालं नाही, की आमचं काम झालं. त्याचं कौतुक कुणी करत नाही. तरीही मला बारा वर्षांत हे असं कधी दिसलं नव्हतं, मामा. तुम्ही हे करायचात? नऊ वर्षं?

आता त्याची कुंडली. कोळ्यांच्या गावातला, वडिलांची होडी होती. सतराव्या वर्षी लिस्बनच्या क्लबने "हळू आहेस" म्हणून परत पाठवला. बाविसाव्या वर्षी सायप्रसला गेला. मग रोमानिया. मग पोलंडमध्ये दोन हिवाळे, तिथे म्हणे सरावाआधी बुटांच्या नाड्या गोठून काठीसारख्या व्हायच्या. गेली सहा वर्षं जर्मनी. देशाच्या संघातून बोलावणं कधीच आलं नाही. उजवा गुडघा दोनदा उघडलाय. अठरा वर्षांत गोल तीन. मी विचारलं, थांबवलेस किती? हसला. म्हणाला, ते कोण मोजतं?

ऊर्मिला


कोल्हापूर, १६ नोव्हेंबर २०२४

चि. ऊर्मिलास आशीर्वाद.

ओळी वरखाली झाल्यात, समजून घे. कागद बिनरेघी आहे.

तुझं पत्र मी चार वेळा ऐकलं. अकरा वेळा मान वळवतो हे ऐकल्यावर उठून अंगणात गेलो. मामीने विचारलं, काय झालं? मला सांगता येईना.

आता तुला सांगतो. तुझ्या आईलाही नीट सांगितलं नव्हतं. सन त्र्याऐंशीची फायनल. समोर मामीच्या माहेरच्या पेठेचा संघ. त्यांचा फॉरवर्ड दत्ता, मामीचा सख्खा भाऊ. आमचा साखरपुडा झालेला, लग्न पुढच्या महिन्यात. शेवटची दोन मिनिटं, गोल कुणाचाच नाही. त्यांच्या एकाने माझ्या उजव्या अंगाने बॉल आणला. मधे मी एकटा आणि माझ्या डाव्या हाताला, पाठीशी दत्ता. मी दत्ताला सोडून बॉलवर गेलो. बॉलवाल्याने तो आडवा दत्ताकडे टाकला. मी वळून घसरलो, पण एक वीतभर कमी पडलो. दत्ताने रिकाम्या गोलात बॉल ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर ताट. ताटात फुटका बॉल, त्यावर हळदकुंकू आणि चिठ्ठी: "मेव्हण्यास सप्रेम, वरपक्षाकडून आहेर." माझ्याच पेठेतल्या पोरांनी ठेवलेलं. नंतर कट्ट्यावर तोंडावर विचारायचे, "काय पद्या, मेव्हण्याला गोल दिलास व्हय रं?" आमचा गोलकीपर दीनानाथ, माझा जिवाचा मित्र, त्याने तर बोलणंच टाकलं. एकेचाळीस वर्षं झाली. मी मैदानात पाय ठेवलेला नाही.

लोकांचं सोड. खरी गोष्ट वेगळीच आहे. इतक्या वर्षांनी मलाच कळेनासं झालंय. मनाच्या तळाशी कुठे असेल का, की दत्ताच आहे, जाऊ दे? शोभनाचा भाऊ आहे, जाऊ दे? दत्ता असता तर त्याला विचारलं असतं. तोही गेला.

तालमीला शंभर वर्षं झाली. सोळा फेब्रुवारीला मैदानावर जुन्या खेळाडूंचा सत्कार आहे, मग मॅच. नवी पोरं घरी येऊन निमंत्रण देऊन गेली. जायचं की नाही, ते तुझ्या पोर्तुगीजाच्या उत्तरावर. सोबत चित्र आहे. पावलंसुद्धा काढलीत, डावं-उजवं लिहून. ती मी विसरणं शक्य नाही. त्याला फक्त एवढं विचार: मी बॉलवर गेलो ते बरोबर होतं की चूक? नातं-बितं काही सांगू नकोस.

हे फोनवर नको. कागदावर हवं.

मामा


रेगेन्सबर्ग, ८ डिसेंबर २०२४

ती. मामा,

विचारलं. आदेरितोने चित्र बघितलं आणि लगेच म्हणाला, बरोबर आहे. त्या जागी तोही बॉलवरच गेला असता. कुठलाही मोठा बचावपटू हेच करेल. नशिबाची गोष्ट. तेव्हा आता मनातून सगळं काढून टाका आणि सोळा तारखेला नवा सदरा घालून मैदानावर जा. मामींना म्हणावं फोटो पाठवा.

इथे बर्फ पडायला लागलाय. लीग फेब्रुवारीपर्यंत बंद. ओवी सगळ्यांना नमस्कार सांगते, जर्मनमध्ये.

ऊर्मिला


कोल्हापूर, २८ डिसेंबर २०२४

ऊर्मिला,

हे पत्र मी सांगतोय आणि मामी लिहिते आहे.

तू खोटं बोललीस. मी रागावलो आहे. चित्र पाठवल्यावर दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी त्यात गोलकीपर काढायलाच विसरलो. स्टॉपर असेल तर चित्र हातात घेतल्याबरोबर पहिला प्रश्न तोच विचारील, गोलकीपर कुठे होता? त्याशिवाय तो तोंड उघडणार नाही. तुझ्या पत्रात तो प्रश्न नाही. म्हणजे एक तर तू त्याला विचारलंच नाहीस, नाही तर त्याने दिलेलं उत्तर गिळलंस. "बरोबर होतं" असं मला सांगणारी माणसं इथे पुष्कळ होती. तुझी आई, तुझी मामी. त्यांच्या सांगण्याने माझं पोट भरलं असतं तर मी सातासमुद्रापार चित्र कशाला पाठवलं असतं?

गोलकीपर पहिल्या खांबाशी होता, बॉलच्या बाजूला. आता खरं काय ते कळव.

मामा

ऊर्मिला, आता माझं. हे बाहेर गेलेत म्हणून लिहिते. यांनी तुझ्यापासून लपवलंय. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय. कडेचं तेवढं दिसतं. समोरचा माणूस दिसत नाही, बाजूचा दिसतो. डॉक्टर म्हणाले, हे परत यायचं नाही. तुझी पत्रं मीच वाचते. तुला त्यांनी मॅच बघायला पाठवलं ते उगीच नाही. आणि तसलाच आहेर माझ्याही दारात आला होता गं, दत्ता माझाच भाऊ होता. काय असेल ते खरं लिही. मला वाचताना कठीण जाईल, तरी लिही.

शोभनामामी


रेगेन्सबर्ग, १४ जानेवारी २०२५

ती. मामा, मामी,

चुकले. कान धरते.

खरं असं घडलं. तेव्हा चित्र बघून त्याने पहिलं हेच विचारलं होतं, गोलकीपर कुठे आहे? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, असो, कुठेही असला तरी "फाल्श". चूक. हा माणूस बॉलकडे बघत होता. मला ते तुम्हाला लिहवेना. मी माझ्या मनाने गोड लिहिलं.

तुमचं पत्र परवा आलं. त्याच संध्याकाळी चित्र घेऊन वर गेले आणि सगळं सांगितलं. नातंही सांगितलं, आहेरही सांगितला. त्याने लगेच जॅकेट घातलं आणि आम्हाला सगळ्यांना खाली अंगणात घेऊन गेला. ताजा, घोटाभर बर्फ होता. कपिलला उजव्या बाजूला उभं केलं, तो बॉलवाला. ओवी दत्तामामा. मला दोन कचऱ्याच्या डब्यांमध्ये पहिल्या डब्याशी, मी दीनानाथकाका. आणि तो स्वतः तुम्ही झाला, मामा. हातात तुमचं चित्र धरून, तुम्ही काढलेल्या पावलांवर एक-एक पाऊल टाकत गेला. उजवं, डावं, उजवं. बर्फात ठसे उमटत गेले. दोनदा परत गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी वेगात आला, वळला आणि घसरला. दोनदा उघडलेल्या गुडघ्यानिशी, छत्तिसाव्या वर्षी, जीन्स घालून! खिडकीतून शेजारीण बघत होती.

मग तसाच बर्फात बसून तो ठशांकडे बघत राहिला. आणि त्याने मला विचारलं, "तुझ्या मामाचा डावा गुडघा कसा आहे?"

मामा, मी त्याला गुडघ्याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नात तुम्ही मला बोहल्यावर घेऊन आलात तेव्हा लंगडत होतात, आणि सगळ्यांना सांगत होतात की नवी चप्पल चावते. मी त्याला म्हटलं, डाव्या पायाने लंगडतो, मला आठवतंय तेव्हापासून.

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर. आणि बर्फावर बोट ठेवून दाखवायला लागला. हे बघ, इथे त्याचं सगळं वजन उजवीकडे, बॉलकडे आहे. इथून डावीकडे एवढं वळून, अशी घसरण घेतली, की डावा गुडघा अंगाखाली सापडतो. जीव तोडून वळल्याशिवाय माणूस असा पडूच शकत नाही. सोडून देणारा असा वळत नाही. सोडून देणारा उभा राहतो आणि ऑफसाइडसाठी हात वर करतो. मी अठरा वर्षांत तसे पाहिलेत, दोन-तीन. त्यांचे गुडघे शाबूत आहेत.

माझ्या डोळ्यांना धार लागली. कोल्हापूरच्या मैदानावरची एकेचाळीस वर्षांपूर्वीची एक घसरण या माणसाने आमच्या अंगणात वाचून दाखवली, मामा. कोण कुठला कोळ्याचा पोर!

पण तो तिथे थांबला नाही, म्हणून मीही थांबत नाही. त्याने हे शब्द तुम्हाला जसेच्या तसे कळवायला सांगितलेत: "चूक तुझीच होती. बॉलवर जायचं नव्हतं. मधे उभं राहून दोघांना डोळ्यांच्या कडेने धरायचं होतं. तू बॉलकडे बघितलंस आणि एक पाऊल उशिरा पोचलास. चूक म्हणजे चूक. लबाडी नाही. मी असा सतरा वेळा पोचलोय." आणि मामा, त्याने सतराही सांगितल्या. गाव, मिनिट, समोरच्याचा जर्सी नंबर, पाऊस होता की ऊन. स्वतःचे तीन गोल विचारले तर दुसरा कुठे मारला ते त्याला आठवेना.

हा त्याचा शेवटचा हंगाम आहे, मे महिन्यात बूट काढणार. म्हणाला, मामाला सांग, मैदानावर जा. हे पत्र मी कुरिअरने पाठवते आहे, वेळेत पोचायला हवं.

ऊर्मिला


कोल्हापूर, २० फेब्रुवारी २०२५

चि. ऊर्मिलास अनेक आशीर्वाद.

मामी लिहिते आहे. तुझं पत्र तिने वाचायला घेतलं आणि गुडघ्यापाशी अडली, पुढे वाचवेना. मग मीच तिला पाणी दिलं. तिने निम्मं त्या दिवशी वाचलं आणि निम्मं दुसऱ्या दिवशी. चूक म्हणजे चूक हे वाक्य मी तिच्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. बेचाळिसावं वर्ष लागेल आता, ऊर्मिला. या एवढ्या वर्षांत मला कुणी चूक दाखवली नव्हती. पेठेने लबाडी दाखवली, घरच्यांनी नशीब दाखवलं. माझं पाऊल कुठे पडलं ते बघितलं फक्त त्या माणसाने. त्या रात्री शांत झोपलो.

सोळा तारखेला गेलो. मामीचा हात धरून गेलो, लोकांना वाटलं वयामुळे. शाल दिली, नारळ दिला. माइक हातात आला तेव्हा मी म्हटलं, "त्र्याऐंशी साली मी बॉलकडे बघत होतो, म्हणून एक पाऊल उशिरा पोचलो. चूक माझी होती." एवढंच बोललो. खाली उतरलो तर कुणीतरी येऊन शेजारच्या खुर्चीत बसलं. मला समोरचं दिसत नाही, पण बाजूचं दिसतं. दीनानाथ होता. मग म्हणाला, "पद्या, मी पण पहिल्या खांबाला लई लवकर चिकटलो हुतो रं. दुसऱ्याला असायला पाहिजे हुतो. एवढी वर्सं तुझ्यावर ढकलली." मी म्हटलं, गप बस आता, मॅच बघू.

मॅच बघितली. बॉल मला दिसलाच नाही. मी त्याच्याकडे बघितलं की तिथे नुसता करडा ठिपका. पण कडेची माणसं सगळी दिसत होती, कोण कुठे उभा, कोण कुणाला सोडून चाललाय. जे मला तरुणपणी जमलं नाही ते देवाने असं जमवून दिलं.

उत्तरार्धात आपल्या तालमीचा नवा स्टॉपर बॉलकडे ओढला जायला लागला आणि त्याच्या डाव्या अंगाने त्यांचा फॉरवर्ड मोकळा निघाला. मी उठून उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा जोर करून ओरडलो, "डावीकडं! मागं बघ!" त्या पोराने मान वळवली. दोन पावलं मागे आला. बस्स. फॉरवर्ड थांबला, खेळ दुसरीकडे गेला. कुणी टाळी वाजवली नाही.

मामी दचकली होती. तिने विचारलं, "अहो, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही.

हे आदेरितोला सांग.

पद्माकरमामा